बांधाअलीकडचा बोअर

प्रिय माय,

आज दुपारी तू मला हाक मारली का? खरं सांग.

मी राजस्थानात आहे, जालोरच्या पुढं. इथंही आपल्यासारखाच दुष्काळ, फक्त माती पिवळी. एका बाजरीच्या रानात आमच्या गाडीनं चारशे फूट बोअर मारला. पाण्याचा थेंब नाही, नुसता पांढरा भुगा उडाला. रॉड वर काढले, कॉम्प्रेसर बंद झाला, बाकीचे झाडाखाली जेवायला बसले. मी एकटाच पाने-हातोडे गोळा करून राहिलो होतो. तेवढ्यात वारं सुटलं आणि त्या कोरड्या भोकातून सूर आला.

काळी दोन.

चर्चमध्ये पायपेटीवर बसली की तू आधी त्याच पट्टीवर बोट ठेवायची. तो सूर आला की सगळी मंडळी उठून उभी राहायची. मीही उठलो, माय. हातातला पाना खाली ठेवला आणि उन्हात सरळ उभा राहिलो, रविवारी राहायचो तसा. आमच्या ड्रिलरनं झाडाखालून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

बोअर वाजतात, हे मला माहीत आहे. या कामात चार वर्षं झाली. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखं ते असतं. पण प्रत्येक भोकाचा आवाज वेगळा असतो. खोली वेगळी, दगड वेगळा, वारं वेगळं. मग आपल्या रानातल्या बोअरचाच सूर इथं, इतक्या लांब, कसा आला?

म्हणून लिहून राहिलो. तू होती तेव्हा चार ओळी लिहिल्या नाहीत. आता सातवीतून पळालेल्या पोराचं अक्षर तुला लावून घ्यावं लागेल.

खिशात आक्काचं पत्र आहे. येऊन आठ दिवस झाले. तिनं लिहिलंय, आपला बोअर अजून उघडाच आहे. तू गेल्यापासून अण्णा रोज जेवण झालं की तिथं जाऊन बसतात. बोअर वाजायला लागला की त्याच्याशी बोलतात. आता तुझ्या शिकवणीची पोरंही जायला लागलीत. अण्णाच त्यांना बोलावतात. म्हणतात, या रे, बाईचा तास सुरू झाला.

पत्राच्या दोन दिवस आधी त्यातली सुमन तिच्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन गेली. दीड वर्षाचं लेकरू ते. सुमन सूर ऐकण्यात गुंतली आणि त्यानं बसून दोन्ही पाय भोकात सोडले. आक्का सरपण घेऊन तिथून चालली होती, म्हणून वाचलं. तिनं दंडाला धरून वर ओढलं. एक चप्पल आत गेली. पडल्याचा आवाज आला नाही, असं तिनं लिहिलंय.

झाकण टाकायला तिनं मिस्त्री आणला, तर अण्णा पहार घेऊन उठले. दानूनं मारलाय, दानूच हात लावील, म्हणाले. शेवटी आक्कानं लिहिलंय, "लेकरू आत गेल्यावर येशील का?"

आठ दिवस मी उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, ते फक्त तुला माहीत आहे.

माय, तुझे पाय आठवतात मला. तू रानातून थेट चर्चला यायची. ढेकळं तुडवून टाचा फुटलेल्या, पायाला काळी माती. दारातल्या बादलीतून तांब्याभर पाणी घेऊन पाय धुवायची आणि मगच पेटीच्या पायट्यांवर ठेवायची. दुष्काळात बादली गेली. तेव्हा ओलं फडकं आणायची घरून आणि तेवढ्यानंच पुसायची. नवे पाळकसाहेब हसून म्हणाले होते, बाई, पेटीला कुठं कळतंय पायाला काय लागलंय? तू म्हणाली, "तिला न्हाई कळत, मला कळतं."

आणि ते हात! शुक्रवारी ज्वारी काढताना विळ्यानं कापलेलं बोट रविवारी पट्टीवर. पांढऱ्या पट्टीवर एकदा रक्ताचा ठसा राहिला. मी पुसायला गेलो तर तू हात धरला. राहू दे म्हणाली, तिथंच चुकले होते, लक्षात राहील.

मंगळवारी आणि शनिवारी तू एसटीनं उदगीरला जायची, मिशन बंगल्यात पियानो शिकवायला. मिशनची गोरी मडम तिच्या देशाला परत जाताना तो पियानो ठेवून गेली होती. त्यातल्या अकरा पट्ट्या मुक्या होत्या. तू त्या वगळून गाणी बसवायची. एका आडत्याची पोरगी यायची, लांब नखांची. तिच्या बापानं विचारलं, बाई, किती दिवसांत वाजवील? तू सांगितलं, म्हैस आणली की संध्याकाळी दूध निघतं, हिचं तसं न्हाई. तो आडत्या सगळ्या बाजारात हे सांगून हसायचा, पण पोरीला पाठवायचं त्यानं सोडलं नाही.

आपल्या वस्तीतल्या पोरांना कुठला पियानो? त्यांना तू फळ्या करून दिल्या. फळीवर चुन्यानं पांढऱ्या पट्ट्या आणि डांबरानं काळ्या. दुपारी अंगणात आठ पोरं मांडीवर फळी घेऊन बोटं चालवायची. आवाज कशाचा? नुसती टकटक, टकटक. आणि तू आत चुलीपुढं, पाठमोरी. तिथूनच म्हणायची, सुमन, तिसरं बोट चुकलं. रवी, घाई करू नको.

मुक्या लाकडावरचं चुकलेलं बोट तुला कसं ऐकू यायचं? लहानपणी मला त्याची भीती वाटायची. मी खोटं बोलायच्या आधीच तुला ते ऐकू गेलं असणार, असं वाटायचं.

मला तू शिकवायचं सोडलं. माझं बूड एका जागी टिकलं नाही. शाळेत नाही, पेटीवर नाही, रानात नाही. एकदा तू म्हणाली होती, "दानू, तुझ्या पायाला चैन न्हाई. असे पाय भात्याला चालतात, पण तू तिथंबी बसत न्हाई." मग मी बोअरच्या गाडीवर चढलो आणि तू दारात उभी राहून नुसती बघत राहिली.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. लातूर जिल्हा नवानवा झाला होता. पाटीवर जुनं नाव पुसून नवं लिहिलेलं, रंग अजून ओला. सरकारी यादीत आपल्या वस्तीचा हातपंप होता, पण नंबर लांब होता. विहिरीत खडक उघडा पडलेला. आमची गाडी त्याच भागात हातपंपाचे बोअर मारत फिरत होती. रविवारची सकाळ मोकळी होती. मी ड्रिलरच्या मागं लागलो आणि आपल्या रानात एक बोअर मारायचं ठरलं.

आदल्या दिवशी तू जागा बघितली. त्या दिवशी उदगीरचा तासही बुडवला. अण्णा बैल घेऊन छावणीत गेले होते, रानात आपण दोघंच. तू पहार जमिनीत रोवली आणि तिचं वरचं टोक दातांत धरलं. मी दहा पावलांवर मोगरीनं जमीन ठोकत होतो. तू डोळे मिटून ऐकायची, मग मान हलवायची. पुढं चल. पुन्हा ठोक. दुपार झाली तेव्हा बांधाच्या पलीकडे, त्या वाळलेल्या हिवरापाशी, तू दातांतून पहार काढली. ओठाला माती लागली होती.

म्हणाली, "इथं ओलं वाजतं."

तिथं बाभळीची खुंटी ठोकली. मी ठोकली, तू धरली.

रविवारी तुम्ही सगळे चर्चला गेला आणि गाडी आली. मधे बांध. गाडी पलीकडे न्यायची तर बांध फोडायचा, खाली भराव टाकायचा, अर्धा दिवस जाणार. ड्रिलर म्हणाला, बारा वाजेपर्यंत आहे मी, पुढं तुझं तू बघ. मी खुंटी उपटली, माय. तीस पावलं अलीकडे आणली आणि रस्त्याच्या कडेला ठोकली, जिथं गाडी नीट उभी राहील तिथं. कुणी सांगितलं नाही मला. तीस पावलांत पाणी कुठं पळून जातंय, असं वाटलं.

कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हा तुमचं दुसरं गीत चाललं होतं. चर्च दोन रानं सोडून. आधी पेटी ऐकू येत होती, मग नाही. आक्का सांगते, तू वाजवायचं थांबली नाहीस, पाय जास्त जोरानं मारले. पण एका ठिकाणी तुझे हात पट्ट्यांवर तसेच राहिले आणि तू खिडकीकडं बघितलं. आवाज कुठून येतोय, ते तुला कळलं होतं.

उपासना सुटल्यावर सगळी मंडळी रानात आली. तीनशे वीस फूट. कोरडा. अण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर भुगा बसला होता. कुणीतरी म्हणालं, पेटीवाल्या बाईचा कान पेटीपुरताच हो. दोघं-तिघं हसले. अण्णा हसले नाहीत. ते हळूच तुला म्हणाले, "चालायचंच. कान चुकला तुझा."

तू बाजूला पडलेल्या खुंटीकडं बघितलं. मग बांधाकडं. मग माझ्याकडं.

"हाव," तू म्हणाली. "चुकला."

घरी जाताना तू माझ्या बाजूनं चालत होती. तेवढंच एक बोलली. "गाडीला वाट सोपी झाली, न्हाई?"

मी हाव म्हटलं आणि पुढं निघून गेलो.

तू का बोलली नाहीस, माय? अण्णांना एका वाक्यात सांगता आलं असतं. लोक तोंडावर हसले, आडत्यानंसुद्धा विचारलं, आणि तू सगळ्यांना चुकला म्हणत राहिली. मला वाचवलं, की शिक्षा दिली? आजवर मला कळलं नाही.

त्याच आठवड्यात बोअर वाजायला लागला. मी गाडीबरोबर निघून गेलो होतो, झाकण नंतर बसवू म्हणून. ते नंतर कधी आलंच नाही. नाताळाला आलो तेव्हा तू मला तिथं घेऊन गेली. कापसाचा पुंजका काढला आणि भोकाच्या तोंडावर धरला. वारं नव्हतं, पानही हलत नव्हतं. पुंजका हळूहळू आत ओढला गेला.

तू सांगितलं, हे सकाळी श्वास आत घेतं, दुपारी बाहेर सोडतं. मी म्हटलं, हवेच्या दाबानं होतं ते, आमचे सगळे बोअर करतात. तू ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असंल. पण रविवारी मी पट्टीवर बोट ठेवायच्या आधी हे तिकडं सूर लावून राहतं. त्याला कोण सांगतं, आता उपासना सुरू व्हायचीय म्हणून?"

मी हसलो. तू हसली नाही.

त्यानंतर तू गेल्याची तारच आली. तीन दिवसांचा ताप, बस. मी पोचलो तो तिसऱ्या दिवशी, मातीसुद्धा वाळली होती.

मातीच्या वेळचं आक्कानं सांगितलं. पेटी वाजवायला कुणी नव्हतं. जी वाजवायची, तिलाच घेऊन दुसरी पेटी खांद्यावर होती. पाळकसाहेबांनी गीताचा आकडा सांगितला. सूर कोण देणार? कुणाला सुरुवात जमेना. दुपार होती, वारं पडलेलं. मग दोन रानांपलीकडून सूर आला, लांब, सरळ. सगळ्यांनी तो घेतला आणि गायले. गाणं संपलं तेव्हा तो थांबला. तेव्हापासून अण्णा तिथं बसतात.

हे ऐकून मी भर दुपारी बोअरपाशी गेलो. झाकण टाकायचंच ठरवून गेलो होतो. अण्णा तिथं होते. मला बघून सरकले, बस म्हणाले. पोटावर पडून मी कान लावला. आधी नुसता सूर. मग त्याच्या खाली दुसरा आवाज. धप... धप... धप. तुझ्या पायपेटीचा डावा पायटा सैल होता ना, दाबला की खाली आपटायचा? तसा. ठेक्यात.

दगड सुटून पडत असतील. पाणी कुठंतरी टपकत असेल. मी स्वतःला शंभर वेळा सांगितलं.

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "ऐकलं ना? पाणी न्हाई लागलं तर न्हाई. पण जागा तिची होती, दानू. तिनं दातानं बघितलेली जागा. म्हणून तर ती हितंच आली, दुसरीकडं न्हाई गेली."

मी उठलो. संध्याकाळच्या गाडीनं उदगीर सोडलं. झाकण नाही, निरोप नाही, काही नाही.

काय सांगणार होतो मी त्यांना? ही तिची जागा नव्हती, मी खुंटी हलवली, असं? तर मग तू तिथं नाहीस. तुझा आवाज त्यांच्याकडून काढून घ्यायचा, तोही मीच. आणि न सांगता झाकण टाकलं तर अण्णा ते पहारीनं फोडणार, पोरं पुन्हा भोकाभोवती बसणार, आणि एखाद्या दुपारी आक्का सरपण घेऊन तिथून चाललेली नसणार.

आणि एक गोष्ट मला घाबरवते, माय. तुझी जागा बांधापलीकडे होती. तू तिथं थांबली असती तर ते समजण्यासारखं होतं. मग अलीकडच्या बोअरात कोण वाजवतंय? ते तुझ्या सुरात का वाजवतंय? लेकरांना जवळ का बोलावतंय?

की तूच आहेस, आणि माझ्यासाठी थांबली आहेस? मी खरं बोलेपर्यंत?

आज इथला बोअर वाजत होता तेव्हा रानाची मालकीण जवळ आली. म्हातारी, तोंडावर पदर. तिनं खुणेनं विचारलं, हे काय? मागं तिची नातवंडं उभी. मी गाडीवरून पत्रा काढला. ड्रिलर ओरडायला लागला, पुढच्या गावाला जायचंय, सोड ते. मी सोडलं नाही. पत्रा भोकाच्या तोंडावरच्या लोखंडी केसिंगवर ठेवला तसा सूर बारीक झाला, फटीतून शिट्टीसारखा वर चढला. माझा हात थांबला. तोंड दाबल्यासारखं वाटलं मला, कुणाचं तरी. मग वेल्डिंग सुरू केलं आणि शेवटची फट बुजवली.

आवाज बंद झाला. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. नातवंडं येऊन पत्र्यावर उड्या मारायला लागली आणि म्हातारी त्यांच्यावर खेकसली.

गाडीत बसून हे लिहून राहिलो. ड्रिलरला सांगितलं, मी घरी चाललो. परत येशील का, म्हणाला. माहीत नाही म्हटलं. उद्या सकाळी निघतो. तीन गाड्या बदलाव्या लागतील. शेवटच्या गाडीत आपली बोली कानावर पडायला लागेल आणि तिथंच माझे पाय मागं फिरतील, हे मला आताच कळतंय. नेहमी फिरतात. यावेळी त्यांचं ऐकणार नाही.

माय, मी तुला शब्द देतो. अण्णांना आधी सांगीन, झाकण मग टाकीन. उलटं करणार नाही, कारण झाकण आधी टाकलं तर सांगायचं राहून जाईल आणि मी पुन्हा पळेन. त्यांना बांधापलीकडे नेईन, हिवरापाशी उभं करीन आणि म्हणीन, अण्णा, तिनं दातात पहार धरली ती इथं, तिचा कान चुकला नव्हता, खुंटी मी उपटली. ते मला मारतील. मारू दे. ते रडतील, किंवा माझ्याशी कधीच बोलणार नाहीत. तेही चालेल. सुमनच्या भावाची दुसरी चप्पल त्याच्या पायात राहिली पाहिजे.

दुपारची वेळ असेल. मी सांगत असताना अलीकडे बोअर वाजायला लागला तरी मी थांबणार नाही.

तुझा,
दानू